टाचेपासून मुठीपर्यंत

‘दीदी, जैसे बीड़ी बुझाते हैं न, वैसे पंजा घुमाओ.’

रायपूरच्या आमच्या कार्डिओ किकबॉक्सिंगच्या वर्गात पहिला आठवडाभर मी प्रशिक्षकाकडून हे वाक्य ऐकत होते आणि पाय काही फिरत नव्हता. फिरला तो फुगडी आठवल्यावर. फुगडीत भार टाचेवर राहिला तर गरका घेताच येत नाही. चवड्यावर आलं की पाय आपसूक वळतो. क्रॉस नावाचा ठोसा असाच आहे. डावा पाय पुढे, उजवा मागे. मागची टाच उचलायची, चवड्यावर पाय वळवायचा. त्यासरशी कंबर वळते, कंबरेमागून खांदा येतो आणि सगळ्यांत शेवटी मूठ सरळ पुढे जाते. ठोसा हाताने मारतात ही माझी समजूत त्या सकाळी गेली. जोर पायातून निघतो, हात तो फक्त पोचवतो.

हे एवढं लांबण लावून सांगण्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी मी अशाच एका वर्गाला गेले होते. पहिल्याच दिवशी शेवटच्या रांगेत उभं केलं, गाणं सुरू झालं आणि पुढच्या बायका जे करतील ते करायचं, एवढीच सूचना मिळाली. पाचव्या दिवशी गुडघा सुजला. तीन महिने मी जिना एकेक पायरी उतरत होते. चूक काय झाली ते खूप नंतर कळलं. राउंडहाउस ही गोल फिरवून मारायची लाथ. ती मारताना ज्या पायावर उभं राहायचं, तो पायही चवड्यावर वळवावा लागतो. मी तो जमिनीला घट्ट रोवून ठेवत होते, त्यात बुटांचे तळ खोल खाचांचे. कंबर वळायची, पाऊल जागचं हलायचं नाही आणि मधला सगळा पीळ गुडघ्यावर यायचा. म्हणून माझं ठाम मत आहे की हा व्यायाम नुसता करायचा नसतो, आधी शिकायचा असतो.

तर आधी त्याची थोडी ओळख. किकबॉक्सिंग हे नाव जपानमधलं. थायलंडच्या मुए थाईने प्रभावित झालेल्या ओसामु नोगुची या मुष्टियुद्धांच्या आयोजकाने ते प्रचारात आणलं. १९६६ मध्ये ओसाकात या खेळाच्या लढती सुरू झाल्या आणि तादाशी सावामुरा हा त्याचा पहिला मोठा तारा ठरला. पुढे अमेरिकेत कराटेपटू बिली ब्लँक्सने तायक्वांदो आणि बॉक्सिंग संगीताशी जोडून ‘ताए बो’ तयार केलं. नव्वदच्या दशकाअखेरीस त्याच्या व्हिडिओ कॅसेटी घरोघरी गेल्या आणि समोरचा प्रतिस्पर्धी नाहीसा झाला. कार्डिओ किकबॉक्सिंग म्हणतात ते हेच: ठोसे आणि लाथा खऱ्या, पण त्या हवेत, बॅगेवर किंवा जोडीदाराने धरलेल्या पॅडवर. स्पर्धात्मक किकबॉक्सिंग मात्र स्वतंत्रपणे वाढत गेलं. ‘वाको’ ही त्याची जागतिक संघटना १९७६ मध्ये स्थापन झाली आणि २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने तिला पूर्ण मान्यता दिली.

रायपूरलाही रिंगणाची ओळख आहे. १७ ऑगस्ट २०२२ रोजी बलबीरसिंह जुनेजा इनडोअर स्टेडियममध्ये मुष्टियोद्धा विजेंदर सिंगने घानाच्या इलियासू सुलेला दुसऱ्याच फेरीत गारद केलं होतं. तरी इथल्या तात्यापारा वस्तीतल्या माझ्या काकांना पुतणीने हातांना पट्ट्या गुंडाळणं पसंत नव्हतं. ‘अगं, हे आपलं नव्हे,’ ते म्हणाले. मी त्यांना मल्लखांबाची आठवण करून दिली. पेशवाईत बाळंभट्टदादा देवधरांनी नावारूपाला आणलेली आपली विद्या आज छत्तीसगढमधल्याच नारायणपूरकडच्या आदिवासी मुलांनी आपलीशी केली आहे; अबूझमाड मल्लखांब अकादमीच्या मुलांनी २०२३ मध्ये ‘इंडियाज गॉट टॅलेंट’ जिंकलं. त्या मुलांनी ‘हे आमचं नव्हे’ म्हटलं असतं तर? काका काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी ‘आज गेली नाहीस का’ असं त्यांनीच विचारलं.

आता शरीराला काय मिळतं ते सांगते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाला आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोमदार व्यायाम हवा, शिवाय किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा. पाऊण तासाचे तीन वर्ग नीट केले तर जोमदार व्यायामाचा हिशेब पूर्ण होतो. नाडीच्या कमाल वेगाचा ढोबळ अंदाज २२० मधून वय वजा करून काढतात. पंचेचाळिशीच्या बाईसाठी कमाल आकडा १७५ येतो आणि जोमदार व्यायामात नाडी साधारण १३५ ते १६३ च्या दरम्यान राहावी. घड्याळ नसेल तर बोलून पाहा: दोन-चार शब्दांनंतर श्वासासाठी थांबावं लागलं तर व्यायाम जोमदार आहे, एक शब्दही निघत नसेल तर वेग कमी करा. जाहिरातींत तासाला ८०० कॅलरी जळतात असं छापतात. अमेरिकन कौन्सिल ऑन एक्सरसाइजने करवून घेतलेल्या अभ्यासात हा आकडा तासाला ३५० ते ४५० च्या आसपास निघाला होता, आणि तोही काही थोडा नाही.

पण मला वाटतं, खरा फायदा आकड्यांत न दिसणारा आहे. फ्रंट किक, म्हणजे समोरची लाथ, मारताना क्षणभर एका पायावर तोल सांभाळावा लागतो. जॅब, क्रॉस, हूक, अपरकट असा ठोशांचा क्रम लक्षात ठेवून तोच उलट्या बाजूने, उजवा पाय पुढे घेऊन करायचा म्हटलं की डोकंही कामाला लागतं. पन्नाशीकडे जाताना तोल जाऊन पडण्याची जी धास्ती मनात बसते, ती माझी पुष्कळ कमी झाली. मात्र यात सगळं ढकलणंच आहे, ओढणं नाही. म्हणून पाठीसाठी वेगळा व्यायाम आणि जोडीला बैठका हव्यातच.

एक गोष्ट बायका आपसांतही बोलत नाहीत, म्हणून इथे लिहिते. बाळंतपणानंतर किंवा पाळी जायच्या सुमारास उड्या मारताना लघवीचे थेंब जातात आणि कित्येकजणी त्या लाजेपोटी वर्गच सोडून देतात. आमच्यातल्या दोघींनी सोडला होता. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळून-सोडून करायच्या व्यायामाने यात बराच फरक पडतो आणि स्त्रीरोगतज्ज्ञ ते नीट शिकवतात. तोवर उडीऐवजी पाऊल टाकलं तरी ठोसा तोच राहतो. त्या दोघी परत आल्या, याचा मला फार आनंद आहे. रक्तदाब, हृदयविकार किंवा जुनं गुडघ्याचं दुखणं असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी.

रायपूरच्या हवेचाही विचार करावा लागतो. सिलतरा-उरला भागातल्या कारखान्यांची काजळी इतकी, की गच्चीवर अनवाणी चाललं तर तळवे काळे होतात. हिवाळ्याच्या सकाळी दाट हवेत बाहेर धापा टाकण्यापेक्षा बंद खोलीतला हा व्यायाम मला बरा वाटतो. मे महिन्यात, नौतपाच्या म्हणजे कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, आमचा वर्ग पहाटे साडेपाचला भरतो. घाम इतका जातो की नुसतं पाणी पुरत नाही. त्यावर छत्तीसगढी घरांतला उपाय म्हणजे बोरे बासी: पाण्यात भिजवलेला भात, मीठ, कांदा, हिरवी मिरची. २०२२ मध्ये १ मे रोजी श्रमिकांच्या सन्मानार्थ इथे बोरे बासी दिवसही साजरा झाला. रक्तदाबवाल्यांनी मीठ बेतानं घ्यावं, एवढंच.

साहित्य फार लागत नाही. बॅगेवर मारणार असाल तर साडेचार मीटरची हातपट्टी आणि ग्लोव्ह्ज हवेत, कारण मनगट उघडं ठेवून मारलं तर ते मुरगळू शकतं. हातात डंबेल घेऊन हवेत ठोसे मारू नका आणि कोपर शेवटी ताठ करू नका. सांध्याला हिसका बसतो. आणि हे शिकून रस्त्यावर कुणाशी दोन हात करता येतील, असंही समजू नका. समोरून प्रतिकार करणारं माणूसच नसेल तर स्वसंरक्षण शिकता येत नाही.

वर्ग निवडताना एक दिवस बाजूला बसून नुसतं पाहा. आरशाकडे नको, पायांकडे पाहा. ठोशाबरोबर टाचा वळताहेत का, लाथ मारून झाल्यावर पाय गेला त्याच वाटेने परत येतोय का? शिकवणाऱ्याला विचारा, आज पहिलाच दिवस असलेल्या बाईला तुम्ही काय शिकवता? गेल्या महिन्यात आमच्याकडे अडुसष्ट वर्षांच्या एक मावशी आल्या. आमच्या प्रशिक्षकाने गाणं बंद केलं, त्यांना भिंतीजवळ नेलं, भिंतीला हात टेकायला सांगितला आणि दहा मिनिटं फक्त टाच उचलून पाय वळवायला लावला. आम्ही बाकीच्या पंधराजणी तोवर थांबून होतो.