पुढच्या ब्रेकची भीती
मोटारसायकल शिकणाऱ्याला घरोघरी एकच ताकीद मिळते: "पुढचा ब्रेक दाबू नकोस, पडशील." ही ताकीद मला धोकादायक वाटते. ब्रेक लागला की गाडीचा भार पुढे सरकतो. पुढचं चाक रस्त्यावर घट्ट दाबलं जातं, मागचं हलकं होतं. हलक्या चाकाची पकड कमी. म्हणून नुसता मागचाच ब्रेक करकचून दाबला की ते चाक लॉक होऊन घसरतं आणि गाडी बरीच पुढे जाऊन थांबते.

पुढचा ब्रेक पाडतो तो झटक्याने आवळल्यावर. भार पुढे यायला क्षणभर लागतो. तेव्हा हँडल सरळ ठेवून आधी हलका, मग वाढता दाब द्यायचा, मागच्या ब्रेकच्या जोडीने. वाळूवर, वळणावर किंवा पहिल्या पावसाच्या तेलकट रस्त्यावर आणखी हळुवार.

२०१९पासून भारतात १२५ सीसीवरच्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं आहे. ते चाक लॉक होऊ देत नाही, पण वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यानंतरचं अंतर चौपट होतं, हे गणित तेच राहतं. शिवाय ताशी ६० किलोमीटरला धोका ओळखण्यात एक सेकंद गेला, तर तेवढ्यातच गाडी जवळजवळ १७ मीटर पुढे गेलेली असते. नवशिक्यांनी हेल्मेट घालून, मोकळ्या डांबरी जागेत, ताशी २०च्या वेगाने पुढच्या ब्रेकचा सराव आधी करावा.