झोळ नसलेली ताडपत्री

ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात वाशिम जिल्ह्यातल्या कुठल्याही रस्त्याला लागा, सोयाबीनच्या ट्रॉल्या भेटतात. रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा, मानोरा, वाशिम. सहाही तालुक्यांच्या ठिकाणी बाजार समिती आहे आणि सगळ्यांच्या फाटकाबाहेर याच दिवसांत रांग लागते. ट्रॉलीतला माल बाहेरून दिसत नाही. दिसते ती ताडपत्री. निळी, पिवळी, काळी, क्वचित एखादी जुन्या कॅनव्हासची मळकट हिरवी. कोणती ताडपत्री तिन्ही बाजूंनी चोपून बसली आहे, कोणती मधोमध खोलगट झाली आहे, कोणाचा कोपरा वाऱ्यावर फडफडतो आहे, हे रांगेवरून नजर फिरवली तरी कळतं. वर्षभराचं पीक आणि आभाळ यांच्यामध्ये या दिवसांत एवढी एकच गोष्ट असते. तिच्याविषयी आपल्याकडे फारसं लिहिलं गेलेलं नाही, याचं मला वाईट वाटतं.

हा जिल्हा अकोल्यातून वेगळा झाला १ जुलै १९९८ रोजी. त्याच्या आधीपासूनच इथल्या काळ्या जमिनीत सोयाबीननं कापसाची जागा घ्यायला सुरुवात केली होती आणि आज खरिपात पाहावं तिकडे सोयाबीनच. जेएस ३३५ हे वाण जबलपूरच्या कृषी विद्यापीठातून १९९४ मध्ये आलं आणि वर्षानुवर्षं इथल्या शेतात टिकलं. शंभरेक दिवसांत ते कापणीला येतं. जूनअखेरीस पेरलं की सप्टेंबरच्या शेवटी किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीला विळा लागतो आणि नेमक्या त्याच वेळी परतीचा पाऊस विदर्भातून निघायच्या तयारीत असतो. निघता निघता तो दोनतीन दणके देतो. कापलेलं पीक शेतात सुडी लावून ठेवलेलं असतं, हडंबा, म्हणजे मळणीयंत्र, मिळायला दोन दिवस लागणार असतात, मजूर दुसऱ्या गावी गेलेले असतात. या खिंडीत जी ताडपत्री सुडीवर पडते, तीच पुढे मळणीच्या वेळी खाली अंथरली जाते आणि शेवटी ट्रॉलीवर चढते.

सोयाबीनचं टरफल पातळ असतं. दाणा भिजला, फुगला, वाळला, पुन्हा भिजला की टरफल सैल होतं, दाणा काळवंडतो, बियाण्याची उगवण घटते. हमीभावाच्या खरेदीत दर्जाच्या निकषानुसार ओलावा १२ टक्क्यांपर्यंत चालतो. २०२४ च्या हंगामात पावसानं इतकं हैराण केलं की केंद्रानं ही मर्यादा १५ टक्क्यांपर्यंत वाढवून दिली. त्या वर्षी हमीभाव होता क्विंटलला ४,८९२ रुपये. खुल्या बाजारात मॉईश्चर जास्त निघालं की व्यापारी भाव पाडतो. म्हणजे ताडपत्री नीट बसली की नाही याचा हिशेब थेट हर्रासीच्या बोलीत दिसतो.

ती नसली तर काय होतं तेही याच जिल्ह्यानं पाहिलं आहे. मे २०२५ मध्ये मानोरा बाजार समितीच्या आवारात उन्हाळी भुईमूग उघड्यावर पडला होता. अवकाळी पाऊस आला, आवारातून पाण्याचे लोट वाहू लागले आणि एक तरुण शेतकरी वाहत्या शेंगा दोन्ही हातांनी अडवत राहिला. ती चित्रफीत देशभर गेली, केंद्रीय कृषिमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी त्याला फोन करून नुकसानभरपाईचं आश्वासन दिलं. खाली पसरलेल्या मालाला अशा पावसात ताडपत्रीही पुरती वाचवू शकत नाही, कारण पाणी वरून जितकं येतं तितकंच खालून येतं. तिथे उंच ओटा आणि पक्कं शेडच हवं. ताडपत्री ही गाडीवरच्या मालाची सोबतीण आहे, तिला बाजार समितीच्या शेडचं काम सांगणं हा अन्याय आहे, शेतकऱ्यावरही.

ज्या गाडीला छत नाही तिला कापडानं झाकायची विद्या मोटारीइतकीच जुनी. इंग्लंडमध्ये एमजी, ट्रायम्फ, ऑस्टिन-हिली या उघड्या दोन आसनी गाड्यांवर टपाखेरीज आणखी एक आवरण येई, त्याला टोनो कव्हर म्हणतात. ते डोक्यावर नसतं. डॅशबोर्डपासून आसनांच्या मागपर्यंत, छातीच्या उंचीवर, गाडीचा सगळा उघडा भाग ते झाकतं. मध्ये उभी चेन असते. गाडी उभी असली की चेन बंद, आत पाणी नाही, धूळ नाही. चालवायची झाली की चालकाच्या बाजूचा अर्धा भाग उघडून आसनामागे दुमडायचा, शेजारचा अर्धा तसाच ठेवायचा. मग वर मोकळं आभाळ आणि पायाशी हीटरची ऊब कोंडून राहिलेली. थंड देशात उघड्या गाडीची हौस या तुकड्यामुळे पुरी होते. हे कव्हर बसवणारे सांगतात की आधी मधलं बटण, मग मध्याकडून बाहेर, कोपरे सगळ्यात शेवटी. आणि काम उन्हात करायचं. व्हिनाइल थंडीत आखडतं, शेवटची दोन बटणं काही केल्या पोचत नाहीत. तेच थोडा वेळ उन्हात टाकलं की मऊ पडतं.

आपल्याकडची उघडी गाडी म्हणजे जीप. महिंद्रांनी विलीज जीपची जुळणी मुंबईत १९४७ मध्ये सुरू केली आणि पुढच्या पन्नास वर्षांत ती पोलीस ठाण्यापासून वरातीपर्यंत सगळीकडे पोचली. काळी-पिवळी होऊन गावोगावी प्रवासी वाहू लागली तेव्हा तिच्या टपाचं आयुष्य आणखी खडतर झालं. त्या टपांनी प्रत्येक तालुक्याच्या गावात हूड-कुशनच्या दुकानांना जगवलं. लोखंडी कमानी, त्यावर कॅनव्हास किंवा रेक्झिन, बाजूला गुंडाळून फितीनं बांधायचे पडदे, मागे जाड प्लॅस्टिकची खिडकी, कडेला टिच बटणं. या कारागिराची मशीन जाड सुईची, दोरा मेण लावलेला. तोही खडूची खूण आधी मधल्या कमानीवर करतो आणि दोन्हीकडे ताणत नेतो. इंग्लंडच्या गाडीचा आणि आपल्या जीपचा कारागीर एकमेकांना कधी भेटलेले नाहीत, तरी दोघेही मधूनच सुरुवात करतात, कारण कापडाचा ताण कडेकडून मध्याकडे नेला की सगळी सुरकुती मधोमध गोळा होते आणि पाणी नेमकं तिथेच थांबतं. याच दुकानात ट्रॉलीची ताडपत्री शिवून मिळते, फाटलेली कड दुमडून मिळते, निघालेली रिंग नव्यानं ठोकून मिळते.

कापडाचे प्रकार बरेच, पण खरा फरक तिघांत आहे. जुना कॅनव्हास म्हणजे जाड सुती कापड, मेणाची किंवा तत्सम प्रक्रिया केलेलं. पाणी लागलं की सुताचे धागे फुगतात, विणीतल्या फटी मिटतात आणि कापड स्वतःच पाणी अडवतं. मात्र भिजलेल्या कॅनव्हासला आतून हात किंवा पोतं टेकलं की त्याच जागी पाणी पाझरू लागतं. ओझं भारी, वाळायला वेळ, ओला घडी करून ठेवला की बुरशी. त्याची एक देणगी मात्र नंतरच्या कोणत्याच कापडानं दिली नाही. तो श्वास घेतो. दुसरा प्रकार प्लॅस्टिकच्या पट्ट्या विणून दोन्ही बाजूंनी थर दिलेला, हलका आणि स्वस्त. उन्हापासून संरक्षणाचं द्रव्य त्यात कमी असेल तर एकदोन उन्हाळ्यांत तो हातात चुरतो. तिसरा सिल्पॉलिनसारखा, प्लॅस्टिकचे ताणलेले पापुद्रे एकमेकांना आडवे चिकटवलेला. त्यात विणीच्या फटी नसतात आणि लहान भोक पडलं तरी ते सरळ रेषेत फाटत जात नाही. जाडी विचारायची ती जीएसएममध्ये, म्हणजे एका चौरस मीटरला किती ग्रॅम. भारतीय मानकही आहेत, विणलेल्या प्लॅस्टिकच्या ताडपत्रीसाठी आयएस ७९०३, कॅनव्हाससाठी आयएस २०८९. दुकानात हा आकडा विचारणारे गिऱ्हाईक कमी, रंग विचारणारे जास्त.

आता बांधणी. माझ्या मते सगळं इथे आहे. महागातली ताडपत्री वाईट बांधली तर माल भिजतो आणि दोन ठिगळांची जुनी ताडपत्री नीट बांधली तर वाचतो.

पहिली गोष्ट माल भरतानाच करायची असते. ट्रॉली साधारण १० फूट लांब, ६ फूट रुंद. माल सपाट भरला की ताडपत्री सपाट पडते आणि सपाट कापडाला झोळ पडणारच. झोळात साचलेलं पाणी एका चौरस मीटरला ५ सेंटिमीटर खोल असेल तर त्याचं वजन ५० किलो होतं. ते ओझं कापडाला आणखी खाली ओढतं, आणखी पाणी येतं, शेवटी शिवण उसवते नाहीतर रिंग निघते. म्हणून जाणता माणूस मालाला मधोमध लांबट उंचवटा देतो. माल कमी असेल तर मधून आडवा बांबू टाकतो किंवा भरलेली पोती उभी करतो. उतार दिला की पाऊस कितीही पडो, पाणी थांबायला जागा राहत नाही.

दुसरी गोष्ट कडेची. ताडपत्री फाळक्याच्या बाहेरून खाली आली पाहिजे, निदान हातभर. घाईत कड फाळक्याच्या आत खोचली जाते, दिसायला सुबक दिसतं आणि वरून ओघळलेलं सगळं पाणी शिस्तीत मालात उतरतं. दोन ताडपत्र्या जोडायच्या असतील तर मागची आधी टाकायची आणि पुढची तिच्यावर चढवायची, घरावर कौलं शाकारतात तशी. उलट केलं तर गाडी चालू लागताच वारा जोडात शिरतो. वेगात गाडीच्या वरून हवा जोरात जाते, वरचा दाब कमी होतो आणि आतली हवा कापडाला वर फुगवते. समृद्धी महामार्गाला समांतर धावणाऱ्या रस्त्यांवर मालट्रकांच्या फुगलेल्या ताडपत्र्या रोज दिसतात. फडफडणारं कापड पाण्यानं फाटत नाही, रिंगेपाशी झिजून फाटतं.

तिसरी गोष्ट दोर आणि गाठ. सुती किंवा तागाचा दोर भिजला की आखडतो, तेव्हा कोरड्या हवेत तो तारेसारखा ताणून बांधला तर पावसात रिंगच उपटतो. नायलॉनचा दोर भिजून आखडत नाही, पण गाठ घसरते. यावर आपल्या शेतकऱ्यानं काढलेला तोडगा मला फार आवडतो. पंक्चर काढून काढून टाकाऊ झालेल्या टायरच्या ट्यूबच्या पट्ट्या कापायच्या आणि रिंग व फाळक्याचा हुक यांच्यामध्ये त्या लावायच्या. रबर ताण सोडत नाही, झटका आला की देतं आणि परत ओढतं. रिंगा वर्षानुवर्षं टिकतात. दोर वापरायचाच तर मध्ये एक फासा घेऊन त्यातून टोक परत ओढायचं, म्हणजे हाताच्या जोरापेक्षा जास्त ताण मिळतो, आणि शेवटी सुरगाठ मारायची. निरगाठ ओली झाली की दातांनीसुद्धा सुटत नाही, आणि काट्यावर नंबर लागल्यावर मागचा माणूस थांबायला तयार नसतो.

इतकं चोख झाकल्यावर एक शत्रू आत कोंडला जातो. हडंब्यातून नुकतं निघालेलं सोयाबीन गरम आणि दमट असतं. प्लॅस्टिकखाली रात्रभर राहिलं की त्यातली वाफ वर जाऊन थंड कापडाला लागते, थेंब धरते आणि वरच्याच थरावर ठिबकते. पाऊस पडलाच नाही तरी सकाळी वरची दोन बोटं ओली लागतात आणि नमुना घेणारा हात तिथेच जातो. म्हणून आभाळ उघडं दिसलं की ताडपत्री अर्धी मागे गुंडाळावी, दाण्यात हात फिरवावा, वरचा थर उलथा करावा. सुडीचंही तसंच. ओल्या सुडीवर आवळून टाकलेल्या ताडपत्रीखाली बुरशी वाढते, म्हणून सुडी बांधताना खाली काड्यांचा थर देऊन जमिनीपासून उचलतात आणि पाऊस थांबला की बाजू उघड्या करतात.

हंगाम संपला की ताडपत्री झटकून, दोन्ही अंगांनी वाळवून, खताच्या पोत्यांपासून दूर, आडव्या बांबूवर टांगून ठेवावी. कोपऱ्यात घडी करून ठेवली की उंदीर लागतो, आणि घडीला एका जागी कुरतडलं की जूनमध्ये उलगडल्यावर ओळीनं आठ भोकं दिसतात. ठिगळ लावायचं ते वरच्या अंगानं, उताराच्या दिशेला कड दाबून, म्हणजे पाणी त्याच्यावरून निघून जातं. कॅनव्हासला ते शिवून वरून मेण घासतात, प्लॅस्टिकला शिवण चालत नाही, सुईचं प्रत्येक छिद्र नवी गळती होते. तिथे गरम करून डकवणाराच गाठावा लागतो.