नव्या टर्बोचार्जरमधून तेल का गळते?

ऊसवाहतुकीच्या ऐन हंगामात ट्रॅक्टरचा टर्बोचार्जर निकामी होतो, भरलेल्या ट्रॉल्या फडात खोळंबतात आणि मालक गाठीचा पैसा मोडून नवा टर्बो बसवून घेतो. इंजिन सुरू होते. परंतु थोड्याच वेळात धुराड्यातून निळसर धूर निघू लागतो व टर्बोच्या सांध्यांवर तेलाचे ओघळ दिसतात. नवा नगच खराब निघाला, असे मिस्त्री सांगतो. दुसरा नग आणला जातो आणि त्याचीही तीच गत होते. अशा प्रसंगी दोष बहुधा टर्बोचा नसून तो ज्या इंजिनावर बसविला त्या इंजिनाचा, अथवा बसविण्याच्या रीतीचा असतो. म्हणून नग बदलण्यापूर्वी तेल कोठून व कशामुळे येते याचा शोध घेणे अगत्याचे आहे.

टर्बोची रचना एकदा ध्यानात आली म्हणजे हा शोध फारसा कठीण राहत नाही. एकाच दांड्याच्या दोन टोकांना दोन चाके बसविलेली असतात. इंजिनातून बाहेर पडणारा तप्त धूर एक चाक फिरवितो. त्यासरशी दुसरे चाक फिरून हवा दाबते व ती सिलिंडरकडे पाठविते. वाया जाणाऱ्या धुराकडून काम करून घेण्याच्या या युक्तीचे पेटंट स्वित्झर्लंडचे अभियंते आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ साली घेतले. पूर्ण भारावर असताना लहान टर्बोचा दांडा मिनिटाला एक लाखाहूनही अधिक फेरे घेतो. इतक्या वेगात तो बेअरिंगला घासून चालत नाही, तर तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो. हे तेल इंजिनाच्या पंपाकडूनच येते.

दांड्याच्या टोकांशी रबरी सील असून ते तेल अडवून धरते, अशी पुष्कळांची समजूत आहे. वस्तुतः तेथे पिस्टनच्या रिंगेसारखी बारीक धातूची कडी असते व ती एकटी तेल रोखू शकत नाही. तेल आत राहते ते दोन कारणांनी. चाकांच्या बाजूने हवेचा व धुराचा दाब त्याला आत रेटतो, आणि बेअरिंगमधून आलेले तेल न तुंबता खाली इंजिनाच्या चेंबरमध्ये वाहून जाते. यांपैकी एक जरी बिघडले, तरी कोरा करकरीत टर्बोही गळल्याशिवाय राहणार नाही.

प्रथम हे पाहावे की दिसणारे तेल नवे आहे की जुने. आधीचा टर्बो मोडताना पुष्कळ तेल धुराड्यात व हवेच्या नळ्यांत सांडलेले असते. ते धुऊन न काढता नवा टर्बो बसविल्यास हे जुने तेल जळून संपेपर्यंत धूर येतच राहतो व नव्या नगावर विनाकारण ठपका येतो. इंटरकूलर असलेल्या ट्रॅक्टरच्या बाबतीत तर अधिक दक्षता घ्यावी. त्यात साचलेले तेल हवेबरोबर सिलिंडरमध्ये गेले, तर डिझेल इंजिन तेच इंधन म्हणून जाळते व आपोआप बेफाम वेग घेते. डिझेलचा पुरवठा तोडूनही ते बंद पडत नाही. अशा वेळी हवेच्या नळीचे तोंड हाताने किंवा अंगावरील कपड्याने झाकण्याचा प्रयत्न कदापि करू नये. जाड फळी सुरक्षितपणे लावता येण्याजोगी असेल तरच ती लावावी, नाहीतर सर्वांना घेऊन दूर व्हावे. इंटरकूलर आधीच उतरवून धुऊन, वाळवून घेणे हाच यावरील खरा उपाय होय.

यानंतर टर्बो बाहेरून पुसून कोरडा करावा, सांध्यांवर खडूची बारीक पूड भुरभुरावी आणि इंजिन थोडा वेळ चालवून ते बंद करावे. पूड जेथे प्रथम ओली होते तेथेच गळतीचा उगम असतो. पुष्कळदा तो तेल आणणाऱ्या नळीच्या पोकळ बोल्टाशी सापडतो, कारण जुनेच तांब्याचे वॉशर पुन्हा वापरलेले असतात. नवे वॉशर घातल्याने काम भागते.

बाहेर काही न आढळल्यास नळ्या सोडवून आत पाहावे. टर्बोकडे हवा नेणारी नळी टर्बोच्या आधीच तेलाने भरलेली असेल, तर ते तेल ब्रीदरमधून किंवा एअर क्लीनरमधून येत आहे असे समजावे. जुन्या ट्रॅक्टरवर मागाहून टर्बो बसविला असेल आणि एअर क्लीनर तेलाच्या वाटीचा असेल, तर वाटीत खुणेच्या वर तेल भरल्यानेही असे होते. त्याचप्रमाणे धुराच्या चाकाआधी, म्हणजे इंजिनाच्या मॅनिफोल्डमध्येच तेल दिसले, तर ते सिलिंडरकडून आले आहे. त्या इंजिनाला रिंगांचे किंवा व्हॉल्व्ह गाइडचे काम निघाले आहे. टर्बो बदलून त्यात काडीचा फरक पडणार नाही.

आता तेल परत नेणाऱ्या नळीकडे वळावे, कारण नव्या टर्बोच्या गळतीत हिचा वाटा फार मोठा असतो. तेल आणणारी नळी बारीक असते व तीत पंपाचा दाब असतो. परतीची नळी जाड असते, पण तीत दाब मुळीच नसतो. तेल केवळ उतारानेच खाली जाते. शिवाय वेगाने फिरणाऱ्या दांड्यामुळे ते घुसळलेल्या ताकासारखे फेसाळलेले असते व त्याला जागाही जास्त लागते. शेतातील चराला उतार नसेल तर पाणी जसे वाफ्यात तुंबते, तसेच येथे तेल टर्बोत तुंबते आणि सीलमधून दोन्हीकडे वाट काढते. म्हणून टर्बोचे तेल निघण्याचे तोंड सरळ खाली असावे. उभ्या रेषेपासून फार तर ३५ अंशांचा कल चालतो. नळी कोठेही पिचलेली, वर चढलेली अथवा आतून काजळीने अरुंद झालेली नसावी, आणि तिचे खालचे टोक चेंबरमधील तेलाच्या पातळीच्या वर असावे. चेंबरमध्ये खुणेपेक्षा जास्त तेल भरणे, ही ‘थोडे अधिक असलेले बरे’ या समजुतीने होणारी चूकही येथेच भोवते. या नळीच्या गॅस्केटला सीलंट कधीही फासू नये. बोल्ट आवळताच ते आत ओघळते व नळीचे तोंड अर्धेअधिक बुजवते. मिस्त्री मंडळींना ही सवय फार आहे.

परतीची नळी मोकळी असूनही तेल तुंबत असेल, तर इंजिनाच्या पोटातील दाब तपासावा. इंजिन मंद चालवून तेल भरण्याचे झाकण सावकाश सैल करावे. तेथून धुराचे जोरदार झोत येत असल्यास ब्रीदर बंद आहे किंवा रिंगा झिजल्या आहेत. ब्रीदरची नळी चिखलाने, कधी कुंभारीण माशीच्या घरानेही बुजलेली सापडते.

मळणीच्या व कोरड्या नांगरटीच्या दिवसांत धुळीने एअर फिल्टर गच्च होतो. मग टर्बोच्या तोंडाशी ओढ निर्माण होऊन हवेच्या चाकाकडून तेल खेचले जाते. फिल्टर आपटून झाडू नये. बेताच्या दाबाची हवा आतून बाहेर मारावी व आतील सुरक्षा फिल्टर साफ न करता बदलावा. ट्रॅक्टर तासन्‌तास मंद गतीवर उभा ठेवल्यानेही चाकांमागील दाब कमी होऊन तेल पाझरते. भार दिल्यावर ते थांबत असेल, तर टर्बोत बिघाड नाही.

खरोखर टर्बोच बिघडला आहे की काय, हे थंड इंजिनावर हाताने पाहता येते. दांडा वरखाली किंचित हलणे स्वाभाविक आहे, कारण बेअरिंग तरंगते असते. परंतु चाकाची पाती घराला घासत असतील, किंवा दांडा पुढेमागे स्पष्ट सरकत असेल, तर नग उतरवावा.

बसविताना तेल व तेलाचा फिल्टर नवा घालावा, टर्बोच्या वरच्या तोंडात स्वच्छ तेल ओतून दांडा हाताने फिरवावा, आणि डिझेल बंद ठेवून तेलाचा दाब दिसेपर्यंत इंजिन स्टार्टरवर थोडे थोडे फिरवावे. पुढे तीन-चार मिनिटे मंद चालवून मगच भार द्यावा. दोष निघाल्यास नग विक्रेत्याकडे परत नेताना तो धुऊ नये. परतीची नळी व गॅस्केटही जशीच्या तशी सोबत न्यावी, म्हणजे तेल कोठे तुंबले होते ते तेथेच दाखविता येते.