माऊस हलला, नेटवर्क थांबलं

सर्व्हरच्या सीडीवरून, लॅनमधून, एका जुन्या संगणकावर सॉफ्टवेअर चढतंय. निम्मं झालं, कुणीतरी माऊस हलवला आणि सगळं ठप्प! सीडी चांगली, केबल चांगली, लॅन कार्ड चांगलं, माऊसही ठणठणीत. मग बिघडलं काय?

२००१ मध्ये महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन, म्हणजे एमकेसीएल, स्थापन झालं. पाठोपाठ त्याच्या एमएस-सीआयटी या संगणक अभ्यासक्रमामुळे संगणकाचे वर्ग फुलंब्रीसारख्या तालुक्याच्या गावांतही रुजले. नव्वदच्या दशकातली यंत्रं जिथे जिथे लॅनला जोडलेली असत, तिथे हे कोडं दबा धरून बसलेलं असे.

त्याचं मूळ एका सुंदर युक्तीत आहे. प्रोसेसर कीबोर्डकडे डोळे लावून बसत नाही. तो आपलं काम करत राहतो. कळ दाबली की कीबोर्ड एका ठरलेल्या तारेवरून त्याला हाक मारतो. प्रोसेसर हातातलं काम जागीच ठेवतो, अक्षर उचलतो आणि सोडलेल्या जागी परततो. आपल्याला पत्ताही लागत नाही. हाकेच्या या तारांना आयआरक्यू म्हणतात.

पण तारा होत्या किती? आयबीएमच्या १९८१ च्या पीसीत फक्त ८. १९८४ च्या पीसी-एटीमध्ये आठ तारांची आणखी एक चिप आली. ती पहिलीच्याच एका तारेला जोडल्यामुळे हाती उरल्या १५. शून्य क्रमांक घड्याळाला, १ कीबोर्डला, ६ फ्लॉपीला, १४ हार्ड डिस्कला. उरलेल्यांवर बाकी सगळ्यांची झुंबड!

एनई-२००० पद्धतीची लॅन कार्डं बहुधा कारखान्यातूनच ३ क्रमांकावर बसवून येत. तोच क्रमांक कॉम-२ या पोर्टचा. कॉम-२ रिकामा असेपर्यंत काही बिघडत नसे. तिथे माऊस जोडला, की दोघं एकाच वाड्याची एकच बेल दाबू लागत. जुन्या आयसा स्लॉटमध्ये तारेवरचा विद्युतदाब बदलला तरच हाक पोचते. एकाने तार धरून ठेवली, की दुसऱ्याची हाक उमटतच नाही.

म्हणून जाणकार आधी जादा कार्डं काढून ठेवतो, मग एकेक बसवून यंत्र चालू करून बघतो. गुन्हेगार जोडी सापडली, की लॅन कार्डावरचा इवलासा जंपर हलवून त्याला समजा १० क्रमांक देतो आणि ड्रायव्हरलाही तोच आकडा सांगतो. हे दुसरं विसरलं, तर कार्ड दहावर हाक मारतं आणि ड्रायव्हर तिनाकडे कान लावून बसतो.

विंडोज ९५ हे वाटप स्वतः करू लागलं, तरी जंपरवाल्या कार्डांपुढे त्याचाही नाइलाज असे. पीसीआय स्लॉटमध्ये एक तार अनेकांना वाटून घेता आली. आता तर तारेची गरजच उरली नाही: उपकरण मेमरीतल्या ठरलेल्या पत्त्यावर एक आकडा लिहितं, तीच हाक. त्या जुन्या पीसीत सगळ्यांना मिळून १५ हाका होत्या. एमएसआय-एक्स या आजच्या पद्धतीत एकट्या उपकरणाला २,०४८ पर्यंत मागता येतात.