वेग, वारा आणि ओझे

सकाळी शहराकडे येणारा दूधवाला तुम्ही पाहिला असेल. त्याच्या मोटारसायकलला दोन्ही बाजूंना दुधाचे मोठे कॅन टांगलेले असतात. ओझे बरेच असते, तरी गाडी सरळ चालते. आता दुसरे उदाहरण घ्या. समजा, मालेगावचा एक व्यापारी साड्यांचा एकच गठ्ठा मागच्या कॅरिअरवर उंच बांधतो आणि मुंबई-आग्रा महामार्गावरून नाशिककडे निघतो. गठ्ठा दुधापेक्षा हलका आहे. पण वेग वाढताच गाडी डोलू लागते. असे का होते? ओझे किती आहे, एवढ्यावरच गाडीचा तोल अवलंबून नसतो. ते कोठे ठेवले आहे, यावरही तो अवलंबून असतो. या पाठात आपण हेच समजून घेऊ.

मोटारसायकलला दोनच चाके असतात. उभ्या गाडीचे स्टँड काढले आणि तिला सोडून दिले, तर ती पडते. चालत्या गाडीचा तोल मात्र टिकतो. याची कारणे अनेक आहेत. त्यांपैकी एक पुढच्या चाकाच्या रचनेत आहे. हँडल ज्या तिरप्या आसाभोवती फिरते, तो आस जमिनीपर्यंत वाढवला आहे, अशी कल्पना करा. चाक जिथे जमिनीला टेकते, त्याच्या थोडे पुढे तो आस जमिनीला मिळेल. त्यामुळे चाक आसाच्या मागून ओढले जाते आणि आपोआप सरळ होऊ पाहते. रुग्णालयातील ढकलगाडीची छोटी चाके अशीच असतात. गाडी ढकलताच ती आपापली दिशा धरतात. मात्र हे काम नीट होण्यासाठी पुढचे चाक जमिनीवर पुरेसे दाबलेले असावे लागते.

आता कॅरिअरवरच्या गठ्ठ्याकडे पाहू. बागेतला सी-सॉ तुम्हांला माहीत आहे. एक टोक खाली गेले, की दुसरे वर उचलले जाते. मोटारसायकलच्या बाबतीत मागच्या चाकाचा आस हा सी-सॉचा मधला टेकू समजा. त्या आसाच्या मागे ओझे ठेवले, की पुढचे चाक हलके होते. समजा, दोन्ही चाकांच्या आसांमध्ये १३० सेंटिमीटर अंतर आहे आणि २० किलोग्रॅमचा गठ्ठा मागच्या आसापासून २६ सेंटिमीटर मागे बांधला आहे. मग २० ला २६ ने गुणून १३० ने भागले, की उत्तर ४ येते. म्हणजे पुढच्या चाकावरचा भार ४ किलोग्रॅमने कमी होतो आणि मागच्या चाकावरचा भार २४ किलोग्रॅमने वाढतो. गठ्ठा २० किलोग्रॅमचाच असला, तरी मागच्या चाकाला तो २४ चा वाटतो!

दुसरी गोष्ट अशी, की गाडीच्या मध्यापासून दूर ठेवलेले ओझे एकदा हलले, की लवकर थांबत नाही. खांद्यावर कावड घेतलेला माणूस आठवा. कावडीच्या टोकांना भार असतो. ती एकदा डोलू लागली, की तिला थांबवणे कठीण जाते. मागे लांब बांधलेला गठ्ठाही असाच डोलतो. दोरी सैल असेल, तर तो अधिकच हलतो.

दूधवाल्याचे कॅन मात्र कॅरिअरच्या वर नसतात. ते मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना, खाली टांगलेले असतात. दोन्हीकडचे वजन जवळजवळ सारखे असते. म्हणूनच एवढे ओझे असूनही त्याची गाडी सांभाळता येते. तरीही अर्धवट भरलेल्या कॅनमधले दूध हिंदकळते, हे ध्यानात घेऊन त्याला बेतानेच चालवावे लागते.

मोटारसायकल वेगात का डोलते, याचा अभ्यास शास्त्रज्ञांनी केला आहे. इंग्लंडमधील रॉबिन शार्प यांनी १९७१ साली याविषयी एक महत्त्वाचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. गाडी दोन प्रकारे हलू शकते. पहिल्या प्रकारात फक्त पुढचे चाक आणि हँडल सेकंदाला सुमारे ६ ते १० वेळा डावी-उजवीकडे थरथरते. दुसऱ्या प्रकारात सगळी गाडीच सापासारखी वळवळते. पण ही हालचाल संथ, म्हणजे सेकंदाला सुमारे २ ते ४ वेळा होते. कमी वेगात अशी वळवळ आपोआप शमते. वेग खूप वाढला, की ती शमायला वेळ लागतो. त्यातच मागे उंच ओझे असेल, तर ती वाढतही जाऊ शकते.

आता वाऱ्याचा विचार करू. गाडी पुढे जाते, तेव्हा हवा तिला मागे ढकलते. वेग दुप्पट झाला, की हा जोर दुप्पट होत नाही. तो चौपट होतो. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाताना हवेचा जो जोर लागतो, त्याच्या चौपट जोर ताशी ८० किलोमीटर वेगाने जाताना लागतो. म्हणूनच शहरात ज्या गाडीचा काहीच त्रास होत नाही, तीच गाडी महामार्गावर वेगळी वागते.

दूरच्या प्रवासासाठी काही लोक हँडलसमोर पारदर्शक काच बसवतात. तिचे फायदे आहेत. छातीवर वारा आदळत नाही. धूळ, किडे व पाऊस यांपासून बचाव होतो आणि चालवणारा लवकर थकत नाही. परंतु काच उंचावर असते. तिच्यावर आदळणारी हवा गाडीचा वरचा भाग मागे ढकलते आणि पुढचे चाक आणखी हलके होते. शिवाय काच हँडललाच जोडलेली असेल, तर समोरून येणाऱ्या ट्रकचा झोत किंवा घाटात डोंगराची आड संपताच येणारा आडवा वारा थेट हँडल हलवतो. काही गाड्यांमध्ये काच गाडीच्या सांगाड्याला घट्ट जोडतात. तेव्हा वाऱ्याचा जोर हँडलवर येत नाही.

मागची उंच पेटी आणि पुढची मोठी काच ही दोन्ही एकाच गाडीवर असतील, तर दोन्ही मिळून पुढचे चाक हलके करतात. प्रत्येकीचा परिणाम थोडाच असतो. पण दोन्ही एकत्र आल्या आणि वेग वाढला, की धोका निर्माण होतो.

मग काय करावे? जड सामान खाली आणि गाडीच्या मध्याजवळ ठेवावे. दोन्ही बाजूंचे वजन सारखे असावे. हलके सामानच वर ठेवावे आणि ते दोरीने घट्ट बांधावे. हँडलला पिशव्या टांगू नयेत. टायरमधील हवा गाडीच्या पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे भरावी. सामान जास्त असेल, तर वेग कमी ठेवावा. एवढे करूनही गाडी डोलू लागली, तर घाबरून जोरात ब्रेक दाबू नये. हँडलशी झुंजू नये. ते नीट धरून, शरीर थोडे पुढे झुकवून, वेग हळूहळू कमी करावा.

माणूस हेही ओझेच असते, हे विसरू नका. मोटार वाहन अधिनियम, १९८८ प्रमाणे दुचाकी चालवणाऱ्याला आपल्यामागे एकाच व्यक्तीला बसवता येते. तिसरा माणूस बसला, की दुसऱ्याला किंवा तिसऱ्याला मागे सरकावे लागते आणि पुढचे चाक हलके होते. हा नियम आपल्या जिवासाठीच आहे.

तुम्ही अजून मोटारसायकल चालवण्याच्या वयाचे नाही. पण वडील किंवा थोरले भाऊ प्रवासाला निघताना सामान बांधायला तुम्हीच मदत करता. तेव्हा जड पिशवी कोठे ठेवायची, हे तुम्ही त्यांना सांगू शकता. मागच्या सीटवर कदाचित तुमची आई किंवा धाकटी बहीण बसणार असेल. दोरीची एक घट्ट गाठ आणि योग्य जागी ठेवलेली पिशवी त्यांचा प्रवास सुरक्षित करील.

स्वाध्याय

१. दूधवाल्याची गाडी जास्त ओझे असूनही का सांभाळता येते?
२. गाडीचा वेग दुप्पट झाला, तर हवेचा जोर किती पट होतो?
३. हँडलला जोडलेल्या काचेचे फायदे व तोटे लिहा.
४. दोन आसांमधील अंतर १३० सेंटिमीटर आहे. १५ किलोग्रॅमची पेटी मागच्या आसापासून २६ सेंटिमीटर मागे बांधली, तर पुढच्या चाकावरचा भार किती कमी होईल?
५. सायकलच्या कॅरिअरवर दप्तर आधी पुढे आणि मग अगदी मागे बांधा. मैदानात सायकल हाताने ढकलत चाला. हँडलमध्ये कोणता फरक जाणवतो, ते वर्गात सांगा.