बुधवारी तेल, शुक्रवारी पाना

भोसरीतल्या एका शेडमधून जुनी लेथ हलवायची होती. पायथ्याचे चार बोल्ट. तीन सुटले, चौथा हटेना. मी पान्याला तीन फुटी पाईप चढवून लोंबकळणार, इतक्यात फिटरकाका म्हणाले, "साहेब, तुटला तर ड्रिल मारत बसाल. तेल सोडा आणि घरी जा. उद्या गुरुवारच आहे."

बाकी जगाला रविवार, तसा पिंपरी-चिंचवड-भोसरी पट्ट्याला गुरुवार. बहुतेक शेडची शटरं त्या दिवशी खाली. शुक्रवारी सकाळी काकांनी नटाच्या कडेवर हातोडीचे चार-पाच हलके टोले मारले. मग पाना सोडायच्या नव्हे, आवळायच्या दिशेने जरासा दाबला. 'कट्' असा बारीक आवाज आला. आता उलटा फिरवला, तर आट्यांतून उकळलेल्या चहासारखं लालसर तेल बाहेर आलं आणि नट हाताने निघाला. त्या दिवसापासून माझं ठाम मत आहे, की गंजलेल्या बोल्टवरचं सगळ्यात गुणकारी औषध डब्यात मिळत नाही, ते कॅलेंडरवर असतं. गुरुवार.

गंज खात नाही, फुगतो

आपण म्हणतो, 'गंजाने लोखंड खाल्लं.' बोल्टच्या बाबतीत हे अर्धंच खरं. लोखंडाचा गंज झाला की त्याला मूळ धातूच्या दुप्पट ते सहापट जागा लागते. आट्यांमधली फट मुळात केसाच्या जाडीच्या आसपास. तिथे हा पाहुणा हातपाय पसरून बसतो. नट चिकटलेला नसतो, पाचर मारल्यासारखा अडकलेला असतो. म्हणून नुसता जोर लावून भागत नाही. टोल्यांनी पाचरीला तडे जातात, आवळायच्या दिशेने दिलेल्या दाबाने ते आणखी पसरतात आणि तेलाला वाट मिळते. काकांनी हे सगळं मला तोंडातला तंबाखू न हलवता करून दाखवलं.

जाता जाता: विदर्भात गंज म्हणजे स्वयंपाकाचं भांडं. तिकडून नवीन आलेल्या पोराला 'गंज काढ' असं सांगताना जरा हाताने दाखवावं.

तेल वर चढतं

खालून मारलेलं तेल वरच्या आट्यापर्यंत पोचतं, कारण बारीक फटीत द्रव गुरुत्वाकर्षणाला जुमानत नाही. कंदिलाची वात याच तत्त्वावर जळते. एक दशांश मिलिमीटर व्यासाच्या नळीत रॉकेल आपणहून चौदा सेंटिमीटरच्या आसपास वर चढतं. नटाची उंची जेमतेम एक सेंटिमीटर. मग रात्रभर थांबायचं कशाला? फट मोकळी नसते म्हणून. ती गंजाने भरलेली असते, आणि तेलाला त्यातल्या भेगाभेगांतून सरपटत जावं लागतं.

गाडीचं २०डब्ल्यू-४० ऑईल इथे का चालत नाही, हेही यावरून कळतं. साध्या तापमानाला ते रॉकेलच्या शंभराहून अधिक पट दाट. नटावर तुपासारखं बसून राहतं, आत जात नाही. म्हणून गॅरेजवाले रॉकेल किंवा डिझेलमध्ये थोडं ऑईल मिसळतात. पातळ भाग आत घुसतो, दाट भाग मागे राहून वंगण होतो. बाजारातल्या महागड्या स्प्रेचं तत्त्व याहून फार वेगळं नाही.

आणि हे रॉकेल म्हणजे 'रॉक ऑईल', घासलेट म्हणजे 'गॅसलाइट'. दोन्ही शब्द इतके मराठी झाले आहेत, की त्यांचे आटे आता कुणाला सुटायचे नाहीत.

१९५३ सालचे दोन भाऊ

गॅरेजवाल्यांच्या फळीवरचा निळा-पिवळा डबा, डब्ल्यूडी-४०, जन्मला अमेरिकेतल्या सॅन डिएगोत, १९५३ मध्ये. काम होतं अ‍ॅटलस क्षेपणास्त्राच्या पत्र्याला गंजापासून वाचवायचं. नावाचा अर्थ 'पाणी हटवणारं, चाळिसावं सूत्र'. थोडक्यात, बोल्ट सोडवणं हा त्याचा मूळ धंदा नव्हेच, तो जोडधंदा. त्याचे हजारो उपयोग कंपनीच मिरवते. त्यातला एक: आशियातल्या कुणा बसचालकाने बसखाली वेटोळं घालून बसलेला अजगर या फवाऱ्याने हटवला. दापोडीच्या एसटी कार्यशाळेत अजून अशी केस आल्याचं ऐकिवात नाही.

गंमत म्हणजे त्याच १९५३ मध्ये, त्याच अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला, व्हर्नन क्रीबल नावाच्या प्राध्यापकाने बरोबर उलटं रसायन शोधलं: बोल्ट कधीच सैल होऊ नये म्हणून आट्यांना लावायचं लॉकटाइट. हवा असेपर्यंत ते पातळ राहतं. आट्यांत हवा मिळेनाशी झाली की घट्ट होतं. लॉकटाइट आज हेन्केल कंपनीकडे आहे, आणि हेन्केलचा मोठा कारखाना आपल्या दौंड तालुक्यात, कुरकुंभला.

याचा व्यवहारात उपयोग असा: लाल लॉकटाइट लावलेल्या बोल्टवर आठवडाभर तेल ओता, ढिम्म हलणार नाही. तिथे गंज नसतोच. तिथे उष्णता लागते, अडीचशे अंश सेल्सिअसच्या आसपास.

चाकणला न हटण्याची परंपरा आहे

१६६० च्या पावसाळ्यात चाकणच्या संग्रामदुर्गाला शाहिस्तेखानाने वेढा घातला. मूठभर माणसं घेऊन फिरंगोजी नरसाळा दोन महिन्यांच्या आसपास अडून बसले. अफाट फौज होती, तोफा होत्या, बुरूज हटेना. शेवटी खानाने खालून भुयार खणून सुरुंग उडवला. आजच्या चाकणमध्ये या शेवटच्या उपायाला गॅसकटर म्हणतात.

त्याआधीची पायरी म्हणजे नट तापवणं. वीस मिलिमीटर बोल्टचा नट तीनशे अंशांनी तापवला, की त्याचं भोक सुमारे सात शतांश मिलिमीटरने मोठं होतं. ऐकायला काहीच नाही, पण पाचर ढिली व्हायला पुरतं. मात्र बोल्ट नव्हे, नट तापवायचा. जुन्या फिटरांची एक सुंदर युक्ती म्हणजे गरम नटाला मेणबत्ती टेकवायची. मेण वितळून आट्यांत शोषलं जातं आणि तिथेच वंगण बनतं. नुकताच स्प्रे मारलेल्या जागी ज्योत धरायची नाही, एवढं मात्र लक्षात ठेवा. बऱ्याच डब्यांतला दाबाचा वायूही पेटतो. भुवया पुन्हा उगवतात, पण वेळ लागतो.

चिंचवडातच औषध

चिंचवड हे नाव चिंच आणि वड या झाडांवरून पडलं, असं सांगतात. चिंचेतलं टार्टारिक आम्ल गंज विरघळवतं. आजी पितळी भांडी घासताना तेच रसायन वापरायची. सुटा, छोटा बोल्ट चिंचेच्या कोळात रात्रभर ठेवून बघा. जाम बोल्टवर मात्र उपयोग नाही: कोळ वरवरचा गंज काढतो, आट्यांत शिरत नाही. आणि धुऊन तेल लावलं नाहीत, तर दुपारपर्यंत नवा गंज हजर.

पाना उचलण्याआधी

अर्धा डबा संपल्यावर कळतं की नट जाम नव्हताच, आटे उलटे होते. सायकलचं डावं पेडल, टेबल फॅनच्या पात्याचा नट, वेल्डिंगच्या अ‍ॅसिटिलीनची जोडणी: तिन्ही ठिकाणी उलटे आटे. अ‍ॅसिटिलीनच्या नटावर ओळखीसाठी खाचा असतात. फॅनवर नसतात, म्हणून उन्हाळ्याच्या पहिल्या रविवारी घरोघरी भांडणं.

बोल्टच्या डोक्यावर ८.८ लिहिलंय? पहिला आठ म्हणजे चौरस मिलिमीटरला आठशे न्यूटनपर्यंत तुटत नाही. दुसरा म्हणजे त्या ताकदीच्या ऐंशी टक्क्यांवर तो कायमचा ताणला जातो. आता हिशेब करा. एक फुटी पान्याला मीटरभर पाईप लावलात, की तुमची ताकद तिपटीहून जास्त होते. बोल्टची आहे तेवढीच राहते. माझा चौथा बोल्ट काकांमुळे वाचला तो असा.

हल्ली सगळे बारा-तेरा, सोळा-सतराचे पाने मागतात. काका मात्र अजून 'चार सुताचा बोल्ट दे' म्हणतात. आठ सूत म्हणजे एक इंच, तर चार सूत म्हणजे अर्धा. शेडमधल्या नव्या डिप्लोमावाल्यांना हे मराठी समजायला दोन दिवस गेले.

आणि चेतक

१९७२ पासून आकुर्डीने देशाला दिलेली स्कूटर. टू-स्ट्रोक, म्हणजे पेट्रोलमध्येच ऑईल मिसळायचं, लीटरला साधारण वीस मिली. विसरलात, की घाटात पिस्टन सिलिंडरला मिठी मारणार. वर्षानुवर्षं पार्किंगमध्ये उभ्या राहिलेल्या चेतकची तीच गत, फक्त इथे मिठी गंजाची. किक मारत बसायचं नाही, त्याने रिंगा तुटतात. प्लग काढा, भोकातून तेल सोडा, दोन-तीन दिवस विसरून जा. मग गिअर टाकून गाडी पुढे-मागे हलवा, हळूच, बाळाच्या पाळण्यासारखी. एकदम पूर्ण फेरा मागू नका. अर्धा इंच सरकली तरी जिंकलात. पुन्हा तेल, पुन्हा एक दिवस.

त्याच आकुर्डीत २०२२ पासून विजेवरच्या चेतकचा कारखाना आहे. तिच्यात अडायला पिस्टनच नाही. चाकाचे नट मात्र आहेत.