'हम' म्हणजे किती जण? : आजोबांच्या उर्दू वहीचं भाषांतर करताना

माझ्या आजोबांनी आठवणी उर्दूत लिहिल्यात असं सांगितलं की पुण्यातले मित्र चकित होतात. मराठवाड्यातले होत नाहीत. निजामाच्या हैदराबाद संस्थानात कचेरीचा कारभार उर्दूत चालायचा, आणि १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात तर उच्च शिक्षणही उर्दूतून होतं. आजोबा घरात मराठीच बोलायचे, पण लिहायला बसले की हात उर्दूकडे वळायचा.

प्रबंधासाठी मी त्या वहीचं इंग्रजी भाषांतर करतोय. घरातला असा एखादा कागद साधन म्हणून वापरायचा तुमचा विचार असेल, तर माझ्या चुका आधीच वाचून ठेवा.

पहिली चूक म्हणजे थेट भाषांतराला बसणं. आधी लिप्यंतर करा. उर्दूत ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत. मीम-लाम-काफ एवढीच अक्षरं दिसली तर शब्द 'मुल्क' (देश) असू शकतो, 'मिल्क' (मालमत्ता) किंवा 'मलिक' (राजा)सुद्धा. 'ते सोडून आलो' असं वाक्य असेल तर काय सोडलं, देश की जमीन? पुढेमागे 'अपना' किंवा 'अपनी' आलं तर लिंगावरून सुटतं. घाईच्या अक्षरात तेही धड दिसत नाही. अशा जागी लिप्यंतरात दोन्ही वाचनं ठेवायची. निवड नंतर.

दुसरी गोष्ट तारखा. आजोबा फसली साल वापरतात. संस्थानात हे साल ऑक्टोबरच्या सुरुवातीला, आजूर महिन्यात बदलायचं. त्यामुळे आजूरपासून डिसेंबरअखेरपर्यंत ५९० मिळवायचे, जानेवारीपासून ५९१. मी सरसकट ५९० मिळवत होतो. 'खुर्दाद १३५७' हा साधारण एप्रिल १९४८. माझ्या हिशेबात तो १९४७ झाला होता. म्हणजे रझाकारांच्या धामधुमीतला प्रसंग मी स्वातंत्र्याच्याही आधी नेऊन ठेवला!

आता मुख्य अडचण. त्याच खुर्दादमधलं एक वाक्य आहे: 'रात को हम बार्शी की तरफ़ निकले.' बार्शी तेव्हा संस्थानाच्या हद्दीबाहेर, मुंबई प्रांतात. मी इंग्रजीत बिनदिक्कत 'वी' लिहिलं. मसुदा आत्याला मराठीत सांगत होतो, तेव्हा तिने थांबवलं. "आम्ही कोण रे? आई नव्हती गेली. दादाला घेऊन मागेच राहिली ती, पोलीस कारवाई होईपर्यंत."

उर्दूत एकटा माणूसही स्वतःला 'हम' म्हणतो. क्रियापदही तेच. इंग्रजीत मात्र 'आय' की 'वी' हे ठरवावंच लागतं, आणि मी न विचारता ठरवून टाकलं होतं. माझ्या भाषांतरात आजी सुखरूप बार्शीला पोचली होती. खरं तर ती पाच महिने तान्ह्या मुलासोबत गावातच होती.

मग वहीतला प्रत्येक 'हम' शोधून तक्ता केला. शाळेच्या, नोकरीच्या आठवणींत, जिथे आजोबा नक्की एकटे आहेत, तिथेही 'हम'च. बरोबर माणसं असली की मात्र 'हम लोग' किंवा 'घर वाले'. 'मैं' जवळपास नाहीच. म्हणजे वहीतला पुरावा आत्याच्या बाजूने झुकतो. तरी हा पुरावा सवयीचा आहे, त्या रात्रीचा नाही.

म्हणून आता भाषांतरात 'आय' आहे. तळटीपेत मूळ शब्द, तक्त्याचा निष्कर्ष आणि आत्याची आठवण, तिच्या परवानगीने, 'मौखिक' अशी नोंद करून. तिची आठवण मी आजोबांच्या वाक्यात मिसळलेली नाही. त्यांनी आजीबद्दल तिथे काही लिहिलं नाही, ही गप्पसुद्धा दिसायला हवी.

घरातल्या माणसाचं लिखाण आपल्याला आधीच ठाऊक आहे असं वाटतं. तसं वाटलं की त्या वाक्याला खूण करा आणि घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी वाचून दाखवा.